समोसे येईपर्यंत

नोकरीच्या निमित्ताने मी अकरा वर्षं सहा वर्षांची होते. त्याआधी अठरा वर्षं दिल्लीतल्या एका शाळेत बालवाडीला शिकवलं, म्हणजे दुसऱ्यांच्या मुलांचं रडं, शेंबूड आणि डबे सांभाळले. पण स्वतः सहा वर्षांची होण्याचा पगार मला गुडगावातल्या एका काचेच्या इमारतीत मिळाला. संपादकांनी "तुमच्या कामाबद्दल लिहा" म्हटलं, तेव्हा मी त्यांना आधीच बजावलं की हे काम आमच्या घरातही कुणाला धड कळलेलं नाही. आमचे हे केंद्र सरकारच्या एका खात्यात सेक्शन ऑफिसर होते. "वहिनी काय करतात?" असं कुणी विचारलं की म्हणायचे, "कंप्यूटरवर खेळते," आणि घाईघाईने विषय बदलायचे.

ते खोटं नव्हतं. गुडगावात तेव्हा मोहरीच्या शेतांना लागून इमारती उभ्या राहत होत्या, द्वारकेत आमच्यासारख्या सरकारी नोकरांच्या सोसायट्या भरत होत्या आणि घरोघरी कंप्यूटर येत होता. मुलाला त्याच्यासमोर बसवणं प्रतिष्ठेचं होतं. त्याच सुमाराला परदेशातल्या खेळण्यांच्या, बिस्किटांच्या, कार्टूनच्या कंपन्यांनी इंटरनेटवर मुलांसाठी आख्खी जगं उघडली. मूल आत जातं, अस्वल नाहीतर मांजर होतं, स्वतःला नाव देतं, रस्त्यांवर हिंडतं, खेळ खेळून चांदण्या मिळवतं आणि त्या चांदण्या देऊन टोप्या घेतं. आजूबाजूला हिंडणारी बाकीची अस्वलं म्हणजे कुठल्या ना कुठल्या देशातली खरी मुलं. यातलं कुठलं जग आपल्या मुलाला चालेल हे आईबापांना कसं कळावं? त्यासाठी आम्ही होतो. आम्ही आत जाऊन खेळायचो, तपासायचो आणि कुठल्या वयाला हिरवी, पिवळी की लाल खूण द्यायची ते ठरवायचो. खुणेखाली तपासणाऱ्याचं नाव छापलं जायचं. माझ्या नावापुढे 'बालशिक्षण तज्ज्ञ' असं असायचं. ते पहिल्यांदा छापून आलं तेव्हा मी त्याचा प्रिंट काढून ह्यांना दाखवला होता.

कामाचे नियम तीन. आत जाताना वय सहा लिहायचं. खऱ्या मुलाशी दोस्ती करायची नाही. आणि एखाद्या खऱ्या मुलाच्या नावाने, त्याचा पासवर्ड वापरून आत जायचं नाही. पहिले दोन मी शेवटपर्यंत पाळले. तिसऱ्याचं पुढे सांगते.

ग्राहकांची, म्हणजे ही जगं उघडणाऱ्या कंपन्यांची, नावं बाहेर फोडायची नाहीत म्हणून आमचे मालक अरोरा साहेब प्रत्येक जगाला भाजीचं नाव द्यायचे. अरोरा साहेब मूळचे करोलबागेतले. वडिलांचं खेळण्यांचं दुकान होतं, त्यामुळे मुलांच्या बाबतीत आपल्याला सगळं उपजत कळतं असा त्यांचा समज होता. माणूस वाईट नव्हता. सकाळी माझ्या टेबलाशी येऊन गंभीर चेहऱ्याने विचारायचे, "मॅडम जी, आज भिंडी में क्या हुआ?" आणि मीही तितक्याच गंभीरपणे सांगायची की भेंडीत आज नवा बाजार उघडला आहे आणि तिथून बाहेर पडायचं दार सापडत नाही.

भेंडीचीच एक गोष्ट सांगते, कारण अकरा वर्षांत मला खरोखर शाबासकी मिळाली ती तेव्हाच. भेंडीत मुलांना मनासारखं काही लिहिता येत नसे. तयार वाक्यं होती, 'हॅलो', 'तुझी टोपी छान आहे', 'खेळायला ये' अशी. त्यावर टिचकी मारायची, बस. त्यामुळे कुणी वाईट माणूस आत शिरला तरी मुलाशी काही बोलू शकणार नाही, असा सगळ्यांचा हिशेब होता. प्रत्येक मुलाला एक घर आणि सामान मिळायचं. एकदा हिंडताना मी एका घरात डोकावले तर तिथे नुसत्या खुर्च्या. सत्तरऐंशी खुर्च्या, काही सरळ ओळीत, काही वाकड्या. बालवाडीत मी मुलांना पाटीवर हरभरे मांडून अंक गिरवायला लावायची, ती नजर माझी गेलेली नव्हती. खुर्च्यांचे दहा अंक होते. तो फोन नंबर होता, आणि दाराशी चार छोटी अस्वलं उभी राहून तो बघत होती. मी धावत अरोरा साहेबांच्या खोलीत गेले. दोन तासांत ते घर बंद झालं. त्यानंतर भेंडीत कुणाच्याही घरी चारच्या वर खुर्च्या ठेवता येईनात, पाहुणे आले तर उभे. अरोरा साहेबांनी केक मागवला आणि सगळ्या ऑफिसला सांगितलं की बघा, ह्याला म्हणतात अनुभव.

पण सगळ्याच गोष्टींना केक नसतो. आणखी एका जगात चेहऱ्याचा रंग निवडायला सहा चौकोन होते. आमच्याकडे खेळून बघायला आलेल्या पाच वर्षांच्या मुलीने सगळ्यात गडद चौकोन निवडला, तो तिच्या रंगाशी जुळत होता. मागून तिच्या आईने हात घातला आणि सगळ्यात गोरा चौकोन दाबला. "बेटा, ये वाला अच्छा है." मुलीने पडद्यावरच्या त्या गोऱ्या पोरीकडे बघितलं आणि विचारलं, "ये कौन है?" मी हे अहवालात शब्दशः लिहिलं. ग्राहकाचं उत्तर आलं, की पालकांचं वर्तन हा तपासणीचा विषय नाही. ते बरोबरच होतं म्हणा. आमच्या फॉर्ममध्ये चाळीस रकाने होते आणि त्यातला एकही आईबापांसाठी नव्हता.

आईबापांचे फोन मात्र यायचे. एका बापाला तीन वर्षांच्या मुलाला इंजिनियर करणारा खेळ हवा होता. एका आजोबांनी सलग अर्धा तास मला विचारलं की नातवाचं अस्वल इतर अस्वलांपेक्षा गरीब का दिसतं, आणि त्यावर सरकार काही करतं का. मी सगळ्यांशी गोड बोलायची. घरी आले की मात्र माझ्या तोंडून शब्द फुटत नसे. दिवसभर ते टिंगटिंग संगीत कानात, उजवं मनगट दुखरं, आणि भाजी निवडतानाही वाटायचं की आत्ता वरून चांदण्या पडतील. लोकांना वाटतं खेळण्याने माणूस ताजातवाना होतो. मी फार थकायची.

शनिवारी दुपारी आमच्याकडे मुलांचं सत्र असायचं. जवळपासच्या सोसायट्यांतली सात मुलं यायची. ती तीन ते चार खेळायची आणि आम्ही मागे बसून, एक शब्द न बोलता, रकाने भरायचो. मूल कुठे अडलं, कुठे हसलं, कुठे त्याने स्क्रीनला बोट लावलं. एकतिसावा रकाना होता, 'सांगितल्यावर मूल सहज उठतं का?' चार वाजता मी म्हणायची, "चलो बच्चो, खेल खतम," आणि सगळी मुलं टणाटण उठायची. मी सातही फॉर्मांवर 'हो' लिहायची. खालच्या हलवायाकडून चारच्या ठोक्याला गरम समोसे यायचे. मुलांना इतक्या लांब बोलावायचं तर खाऊ द्यायला नको का, अशी ती माझीच बालवाडीतली पद्धत. कितीतरी जगं मी त्या 'हो'वर पास केली.

टिंडा, म्हणजे आपलं ढेमसं, त्यातलंच एक. टिंड्यात प्रत्येक मुलाला एक प्राणी पाळायला मिळायचा. त्याला रोज खाऊ घालायचं, अंघोळ घालायची, थोपटायचं. गेलं नाही तर तो रोडावायचा, तीन दिवस गेलं नाही तर डोळे मिटून पडून राहायचा. मरायचा नाही, तेवढी दया होती. जाहिराती नव्हत्या, बोलण्याची सोय नव्हती, चित्रं सुरेख होती. शिवाय प्राण्याची काळजी घेणं म्हणजे संस्कारच की. मी पाच वर्षांपासून पुढे हिरवी खूण दिली आणि खाली माझं नाव गेलं. अरोरा साहेब म्हणाले, "मॅडम जी, टिंडा तो हीरा निकला."

त्या वर्षी संक्रांतीला आमच्या मराठी मंडळाची बस नेहमीप्रमाणे काला अंब स्मारकाला निघाली. दिल्लीतली मराठी माणसं त्या दिवशी पानिपतला जातात, स्तंभापाशी फूल वाहतात, तिळगूळ वाटतात आणि धुक्यातून परत येतात. सकाळी कोपर्निकस मार्गावर बसमध्ये चढले तर मागच्या बाकावर एक मूल हमसून हमसून रडत होतं. ती रुही. फरीदाबादच्या रेहाना मुजावरची सहा वर्षांची मुलगी. रेहाना मिरजेची, नवरा फरीदाबादच्या एका कारखान्यात इंजिनियर. आमच्या मंडळातली सगळ्यात उत्साही जोडी. रुहीचा जन्म इकडचा, त्यामुळे ती मराठी बोलायची ती हिंदीत बुचकळून काढलेली.

"काय झालं गं?" मी विचारलं.

"काकू, बिल्कुल ऐकत नाही हो," रेहाना म्हणाली. "काल दिवसभर लाइट नव्हती. आज सकाळी बस पकडायची होती. तर म्हणते पिठलं उपाशी आहे."

"पिठलं?"

"तिचा प्राणी. पिवळा आहे ना, म्हणून नाव पिठलं. लाइट गेली की आमच्या घरात सुतक. इन्व्हर्टर किती वेळ चालेल, हे तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत." मग ती जरा संकोचून म्हणाली, "तुमचं नाव बघूनच घेतला हो काकू. म्हटलं, आपल्या काकूंनी हिरवा टिक दिलाय तर डोळे मिटून घ्यायचा."

वाटेत मी रुहीच्या शेजारी जाऊन बसले, गाणी म्हटली, तिळगूळ दिला. काही उपयोग झाला नाही. स्तंभापाशी सगळे हात जोडून उभे असताना ती आईचा पदर ओढून हळूच विचारत होती, "अब घर जायचं?" मग मंडळाने जेवणाची पाकिटं वाटली. पुरी, बटाट्याची भाजी, एक समोसा. रुहीने डोळे पुसले, समोसा घेतला आणि इतर पोरांबरोबर गवतात पळाली. खाल्ला, हसली, एका मुलाला ढकललंही. रेहाना सुटकेने म्हणाली, "विसरली बाई." समोसा संपला तशी रुही हात झटकून परत आली आणि म्हणाली, "अब घर जायचं? पिठलं वाट बघतंय."

मी तिथेच एका दगडावर बसले. ज्या 'हो'च्या जिवावर मी जगं पास करत होते, तो 'हो' खेळाबद्दल नव्हता. मुलं समोशासाठी उठत होती. बालवाडीत अठरा वर्षं काढलेल्या बाईला हे कळू नये? माझा मलाच राग आला.

सोमवारी अरोरा साहेबांना सांगितलं. ते आधी खूप हसले, मग म्हणाले, "ठीक है मॅडम जी, बिना समोसे के कर लो." त्या शनिवारी मी मुलांना टिंडा खेळायला दिला आणि हलवायाला नाही म्हणून कळवलं. चार वाजता म्हटलं, "चलो बच्चो, खेल खतम." कुणीही हललं नाही. मी परत म्हटलं. एका मुलीने कान झाकले. एक जण टेबलाखाली शिरून कंप्यूटरची वायर धरून बसला, बंद करू देईना. सगळ्यात धाकटी रडत रडत मला सांगत होती, "आंटी, वो सो जाएगा, फिर उठेगा नहीं." सगळ्यांना घरी धाडायला पाऊण तास गेला. मी सातही फॉर्मांवर 'नाही' लिहिलं, समोशांची हकीकतही लिहिली आणि अहवाल पाठवला, की या खेळाला आठ वर्षांखालच्यांसाठी लाल खूण द्यावी. नाहीतर मूल सुट्टीवर जाईल तेव्हा प्राणी सुखाने झोपून राहील अशी सोय करावी. एवढंच मागितलं होतं.

उत्तर फार सभ्य होतं. ग्राहकाने आमच्या बारीक निरीक्षणाचं कौतुक केलं होतं. प्राण्याची भूक हाच खेळाचा आत्मा असल्यामुळे तिच्यात बदल करता येणार नाही, असं कळवलं होतं. मात्र आमच्या सत्रांवरून असं दिसतं की खाऊ दिल्यास मूल सहज उठतं, म्हणून पालकांसाठीच्या सूचनांत एक ओळ घालत आहोत, 'खेळ संपवताना मुलाला त्याच्या आवडीचा खाऊ द्या.' माझाच समोसा त्यांनी मला परत पाठवला होता. अरोरा साहेब खिडकीबाहेर बघत म्हणाले, "हरा रहने देते हैं, मॅडम जी. आप का नाम हटाना हो तो बोलिए."

मी नाव काढायला हवं होतं. आज हे लिहिताना मला त्याबद्दल कुठलीही सबब सांगायची नाही. तेव्हा मात्र मी स्वतःला सांगितलं, की नाव काढून मी निघून गेले तर ही शनिवारची मुलं कुणा नवख्याच्या हाती जातील. खरी गोष्ट अशी की मी थकले होते, भांडायचा कंटाळा आला होता आणि 'तज्ज्ञ' हा शब्द मला आवडू लागला होता. मी म्हटलं, "राहू द्या."

मे महिन्यात रेहानाचा फोन आला. तिच्या आईचं मिरजेत दुखणं वाढलं होतं. डॉक्टरांनी फारशी आशा दिली नव्हती आणि म्हातारीने नातीला बघायचा ध्यास घेतला होता. तिसऱ्या दिवशी निजामुद्दीनहून गाडी होती. आणि रुही येत नव्हती. मिरजेच्या घरी कंप्यूटर नाही, महिनाभर पिठलं उपाशी राहणार, म्हणून ती बाथरूमची कडी लावून बसली होती. "काकू, मी तिला मारलं हो," रेहाना रडत होती. "आयुष्यात पहिल्यांदा मारलं. तिकडे माझी आई जातीय आणि इकडे ही त्या पिवळ्या जनावरासाठी..."

मी रिक्षा, बस, परत रिक्षा करत भर उन्हात फरीदाबादला पोहोचले. बाथरूमच्या दाराशी फतकल मारून बसले.

"रुही, मी काकू. पिठल्याला मी सांभाळलं तर?"

मग आतून, "तुम्हाला येतं?"

"मला येतं. माझं कामच आहे ते."

कडी निघाली. गालावर बोटांचे वळ होते. ती माझ्यासमोर बसली आणि तिने माझी रीतसर परीक्षा घेतली. "पहले गाजर द्यायचं. फिर नहलवायचं. पाणी ठंडा नाही, गरम वाला नळ. फिर कान के पीछे खाजवायचं. रोज."

"रोज," मी म्हटलं.

"संडे ला पण?"

"रविवारीपण."

"प्रॉमिस? मी सांगेपर्यंत?"

"तू सांगेपर्यंत."

मग तिने वहीचा कागद फाडला आणि जीभ बाहेर काढून, वाकड्या मोठ्या अक्षरांत, पासवर्ड लिहून दिला. मी तो घडी करून पर्समध्ये ठेवला. नोकरीतला तिसरा नियम मी असा मोडला. अरोरा साहेबांना कळलं असतं तर त्याच दिवशी घरी बसवलं असतं, आणि ते योग्यच झालं असतं.

रुही मिरजेला गेली. मी रोज सकाळी सात वाजता, चहाचा कप घेऊन, घरच्या कंप्यूटरवर पिठल्याला गाजर द्यायची, कोमट पाण्याने अंघोळ घालायची, कानामागे खाजवायची. ह्यांनी एकदा मागून बघितलं आणि म्हणाले, "आता घरीसुद्धा?" मी म्हटलं, "कुणाचं तरी आहे." तिकडे नात आजीच्या उशाशी महिनाभर राहिली, तिला पाणी पाजलं, शाळेतल्या हिंदी कविता म्हणून दाखवल्या. पावसाळा लागला आणि म्हातारी गेली. रेहानाने फोनवर सांगितलं, "काकू, शेवटपर्यंत अम्मीचा हात रुहीच्या हातात होता." मी फोन ठेवून रडले. या नोकरीत माझ्या हातून एक तरी धड काम झालं, असं वाटलं.

जुलैत ते परतले. मी उत्साहाने फोन केला. "रुही, पिठलं एकदम ठणठणीत आहे हं!"

"कोण?" ती म्हणाली. "अच्छा, पिठलं! काकू, नानीकडे खरी शेळी होती. तिला दोन बच्चे झाले. मी त्यांना उचललं, मालूम?" आणि ती शेळीबद्दल बोलत राहिली. पिठल्याचं नाव तिने पुन्हा काढलं नाही. पोरगी सुटली म्हणून मला आनंद झाला, अगदी मनापासून. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला चहा घेऊन मी कंप्यूटरसमोर बसले आणि पिठल्याला गाजर दिलं. तिने 'बास' म्हटलं नव्हतं ना अजून.

मी चार वर्षं त्याला खाऊ घातलं. गावाला गेले तर सायबर कॅफे शोधून घातलं. ह्यांच्या अँजिओप्लास्टीच्या दिवशी रोजची वेळ गाठता येणार नव्हती म्हणून पहाटेच घालून हॉस्पिटलला गेले. ऑफिसात मी मुलांना उठता येतं का ते तपासत होते, एकतिसाव्या रकान्यात आता बिनसमोशाचा खरा जबाब लिहीत होते, आणि खुणा बहुतेक वेळा हिरव्याच राहत होत्या. मग फोनवरचे खेळ आले, ती सगळी जगं ओस पडली आणि एके दिवशी टिंड्यात सूचना लागली की महिनाअखेर हे जग बंद होत आहे. शेवटच्या सकाळी मी आत गेले. चौकात पाचपन्नास प्राणी जमले होते, सगळे धष्टपुष्ट, अंघोळ घातलेले. इतकी वर्षं कुठलं मूल टिकलं असेल? मला वाटतं त्या सगळ्यांच्या मागे कुणाची आई, कुणाचा मामा, कुणाची काकू बसलेली होती. नऊ वाजता पडदा पांढरा झाला. मी चहाचा कप विसळायला उठले, आणि दुसऱ्या दिवशी सातला परत त्याच खुर्चीत येऊन बसले.

अजून बसते. नोकरी सुटली, कंप्यूटर दोनदा बदलला. ह्यांना सांगते पेपर वाचते.

मागच्या महिन्यात रुही घरी आली. आता ती एकवीस वर्षांची आहे, राजेंद्रनगरला लातूर-परभणीच्या मुलींबरोबर खोली घेऊन स्पर्धा परीक्षेची तयारी करते. मी हा लेख लिहीत होते. "कशावर लिहिताय काकू?" म्हणाली, तेव्हा मी सगळं सांगितलं आणि कपाटातून तो कागद काढून दिला. तिने स्वतःचं वाकडं अक्षर बराच वेळ बघितलं.

"चार वर्षं? रोज?"

"तू रोज म्हणाली होतीस. तू सांगेपर्यंत."

"काकू, मी सहा वर्षांची होते!"

"मीपण," मी म्हणाले.

ती हसली नाही. "आणि तो हिरवा टिक?"

"शेवटपर्यंत होता."

"माझ्यासाठी तुम्ही आलात," ती हळू म्हणाली. "बाकीच्या मुलांसाठी कोण होतं?"

तिने कागदाची घडी घातली, टेबलावर ठेवली आणि "येते" एवढंच म्हणून चपला घालून निघून गेली. रागावली असेल, आणि तिचं काही चुकलं नाही, असं मनाशी म्हणत मी त्या खुर्चीत तशीच बसून राहिले. अर्ध्या तासाने बेल वाजली. ह्यांनी दार उघडलं. रुही तेलाने भिजलेली कागदी पिशवी घेऊन थेट स्वयंपाकघरात गेली, ताटल्यांचा आवाज झाला, आणि तिथूनच तिने हाक मारली.

"बास झालं, काकू. समोसे आलेत. उठा आता."

मी उठले. लगेच नाही, पण उठले.